पायाखालचें यंत्र : गिटारच्या ‘मल्टी-इफेक्ट’ची निवड व मांडणी

लाकडी पोकळ गिटारला स्वतःचें पोट असतें. तार छेडली कीं तिचें कंपन त्या पोटांत घुमतें आणि मोठें होऊन बाहेर पडतें. विजेच्या गिटारचें तसें नाहीं. तिचें अंग बहुधा भरीव असतें आणि तिची तार नुसती छेडली तर आवाज शेजारच्या खोलींतहि जेमतेम पोंचतो. तिच्या पोलादी तारांखालीं चुंबक व त्यांभोवतीं गुंडाळलेलें बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. तार हलली कीं त्या वेटोळ्यांत क्षीण विद्युत्संदेश निर्माण होतो आणि तो केबलमधून ध्वनिवर्धकाकडे जातो. या वाटेवरच वादकांनीं हळूहळू नाना प्रकारचीं उपकरणें आणून बसविलीं. स्वरावर संस्कार करणाऱ्या या उपकरणांना ‘इफेक्ट’ म्हणतात. असे अनेक इफेक्ट एकाच चपट्या पेटींत भरून ते पायानें चालविण्याची सोय केली, म्हणजे जें यंत्र होतें तें ‘मल्टी-इफेक्ट’. येथील वादकांच्या रोजच्या बोलींत ‘प्रोसेसर’.

ज्या घरांत मुलगा किंवा मुलगी विजेची गिटार शिकूं लागते, त्या घरांत वर्षा-दोन वर्षांत या यंत्राची मागणी होतेच. बाजारांत त्याची किंमत कांहीं हजार रुपयांपासून लाखापलीकडेहि जाते, आणि पेटीवरील दिवे व बटणें पाहून पालक गोंधळून जातात. शिवाय येथें झालेली चूक दुकानांत कळत नाहीं, घरींहि कळत नाहीं. ती कळते महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनांत, भर सभेपुढें, जेव्हां घरीं भरदार वाटणारा स्वर ढोल-ताशांच्या गर्दींत सांपडलेल्या बासरीसारखा नाहींसा होतो. म्हणून हें यंत्र काय करतें, हें समजून घेतल्यावांचून तें विकत घेणें शहाणपणाचें नाहीं.

या उपकरणांपैकीं एका महत्त्वाच्या उपकरणाचा जन्म बिघाडांतून झाला, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. अमेरिकेंतील नॅशव्हिल येथें मार्टी रॉबिन्स या गायकाच्या ‘डोन्ट वरी’ या गीताचें ध्वनिमुद्रण चालू असतां मिश्रण-यंत्राचा एक भाग नादुरुस्त झाला, आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा स्वर फाटून घरघरत बाहेर आला. तो दोष काढून न टाकतां तसाच ठेवण्यांत आला, आणि १९६१ सालीं तें गीत गाजलें. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनीं तोच फाटका स्वर हुकमी काढणारें उपकरण पुढें तयार केलें, व गिब्सन कंपनीनें १९६२ सालीं तें ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नांवानें विक्रीस आणलें. १९६५ सालीं रोलिंग स्टोन्स या इंग्रज वाद्यवृंदाच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गीतांत कीथ रिचर्ड्स यांनीं तें वापरलें आणि फाटक्या स्वराची गोडी जगाला लागली. यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. तंबोऱ्याच्या घोडीवर धागा सरकवून जवारी खुलवितात, ती तरी कशासाठीं? मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे उपस्वर उजळून यावेत म्हणूनच. फझ, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन हीं उपकरणें संदेशाचीं शिखरें छाटून नवे उपस्वर निर्माण करतात. रीति निराळी, पण कानाची भूक तीच.

पुढें प्रत्येक संस्कारासाठीं स्वतंत्र पेडल निघालें. प्रतिध्वनीसाठीं चुंबकीय फितीचीं यंत्रें होतीं, घुमाऱ्यासाठीं धातूच्या स्प्रिंगा होत्या. १९७६ सालीं जपानच्या बॉस कंपनीनें एका स्वराचे अनेक स्वर झाल्याचा भास करणारें कोरस पेडल आणलें. एकेक करतां वादकाच्या पायाशीं दहा-दहा पेडल्सची रांग लागली, आणि तितक्याच केबली, तितकेच सांधे, तितकीच बिघाडाचीं स्थळें झालीं. या अडचणींतूनच अनेक इफेक्ट एका पेटींत भरण्याची कल्पना रुजली. बॉस कंपनीचें ‘एम-ई ५’ हें पायपेटीचें यंत्र १९८८ सालचें. १९९८ सालीं लाइन सिक्स कंपनीच्या ‘पॉड’नें निरनिराळ्या ध्वनिवर्धकांचा स्वभावहि गणिताच्या जोरावर हुबेहूब उठविण्याची प्रथा लोकप्रिय केली, आणि त्याच कंपनीचें २०१५ सालचें ‘हेलिक्स’ हें त्या परंपरेंतील एक प्रौढ यंत्र होय.

आजच्या यंत्राच्या पोटांत घडतें तें असें. आंत शिरलेल्या संदेशाची उंची सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळां मोजली जाते आणि त्याचे आंकडे होतात. त्या आंकड्यांवर हव्या त्या संस्काराचें गणित केलें जातें व शेवटीं आंकड्यांचा पुन्हां संदेश बनतो. या खटाटोपाला वेळ लागतो, परंतु चांगल्या यंत्रांत तो साधारणतः सेकंदाच्या दोन-चार सहस्रांशांइतकाच असतो. ध्वनीला हवेंतून एक मीटर जावयास सुमारें ३ सहस्रांश सेकंद लागतात; म्हणजे ध्वनिवर्धकापासून एक पाऊल मागें सरकल्यानें जितका उशीर होतो, जवळजवळ तितकाच हा. त्याची धास्ती बाळगण्याचें कारण नाहीं.

आतां निवडीकडे वळावें. ‘यांत किती इफेक्ट आहेत?’ हा प्रश्न गिऱ्हाईक प्रथम विचारतें आणि तोच सर्वांत निरुपयोगी आहे. शंभर इफेक्टांपैकीं नित्य वापरांत येतात ते सात-आठ. विचारावयाचा पहिला प्रश्न असा, कीं स्वर शेवटीं कोठून बाहेर पडणार? वादन बहुतेक घरींच व हेडफोनवर होणार असेल, तर हेडफोनची स्वच्छ सोय आणि ध्वनिवर्धकाची व त्याच्या स्पीकर-पेटीची चांगली नक्कल या दोन गोष्टी पुरेशा आहेत. घरांत आधींच गिटारचा ध्वनिवर्धक असेल, तर त्याला हें यंत्र कोठें जोडतां येईल तें पाहावें. ज्या ध्वनिवर्धकाच्या पाठीशीं ‘सेंड’ व ‘रिटर्न’ असे दोन सांधे आहेत, त्याला यंत्र अधिक चांगल्या रीतीनें जोडतां येतें. आणि वादन सभागृहांतील मोठ्या स्पीकरांवरून व्हावयाचें असेल, तर दोन स्वतंत्र निर्गम, आणि लांब केबलींतहि खरखर न पकडणारे संतुलित सांधे असणें हितावह.

दुसरा प्रश्न पायाचा. वादकाचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून गाणें चालू असतां जें बदलावयाचें तें पायानेंच. दोनच बटणांच्या लहान यंत्रांत एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्यास मधले सर्व स्वर ओलांडावे लागतात. घरीं तें चालतें, मंचावर चालत नाहीं. कार्यक्रम करणाऱ्यास निदान चार बटणें व आवाज किंवा वाह-वाह यांसाठीं एक हलतें पेडल हवें. बटणांमध्यें जोडा घातलेला पाय मावेल इतकें अंतर आहे ना, हें दुकानांतच पाय ठेवून पाहावें. तिसरा प्रश्न ध्वनिमुद्रणाचा. यूएसबी केबलनें संगणकाला जोडलें असतां यंत्रानें थेट ध्वनिमुद्रण करतां येत असेल, तर एक निराळें उपकरण घेण्याचा खर्च वांचतो. पडद्याची शोभा, रंगीत दिवे, प्रसिद्ध वादकांच्या नांवाचे तयार स्वर यांस शेवटचें स्थान द्यावें. आणि यंत्राची पारख नेहमीं स्वतःच्याच गिटारवर करावी. दुकानांतील भारी गिटारवर कोणतेंहि यंत्र गोड वाजतें.

यंत्र घरीं आल्यावर पहिलें काम विजेचें. यंत्राबरोबर आलेलाच ॲडॅप्टर वापरावा. पुष्कळशा पेडल्सना ९ व्होल्टचा, मध्यबिंदु ऋण असलेला प्रवाह लागतो; घरांतील इतर पुष्कळ ॲडॅप्टरांचा मध्यबिंदु धन असतो, आणि असा उलटा ॲडॅप्टर लावल्यास यंत्र कायमचें निकामी होऊं शकतें. भारतांतील वीज २३० व्होल्ट व ५० हर्ट्झची आहे. त्याच संख्येची व तिच्या दुपटीची एक मंद घुमघुम सदोष अर्थिंगच्या जागीं स्पीकरांतून ऐकूं येते. ती थांबविण्यासाठीं प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याची वाईट खोड कांहीं मंडळींना असते. ती प्राणावर बेतूं शकते. घुमघुम सोसावी, पण अर्थिंग तोडूं नये. सर्व उपकरणें एकाच बोर्डावर जोडल्यानें ती पुष्कळदां आपोआप कमी होते.

दुसरें काम यंत्राला आपला निर्गम सांगण्याचें, आणि अर्धीअधिक निराशा येथेंच उगम पावते. गिटारसाठीं बनविलेला स्पीकर सुमारें ५,००० हर्ट्झच्या वरचा भाग फारसा बाहेर टाकीतच नाहीं. हेडफोन व सभागृहांतील स्पीकर मात्र तो सर्व भाग दाखवितात, आणि मग फाटका स्वर टिनावर वाळू घासल्यासारखा कर्कश लागतो. म्हणून त्या ठिकाणीं यंत्रांतील ‘कॅबिनेट’ची नक्कल चालू ठेवावी. उलट, गिटारच्याच ध्वनिवर्धकांत यंत्र जोडलें असेल तर ती बंद करावी; नाहींतर एका पेटीच्या आंत दुसरी पेटी ठेविल्याप्रमाणें स्वर कोंदट होतो.

तिसरें काम क्रमाचें. रूढ क्रम असा : प्रथम वाह व स्वराचे चढउतार सांवरणारा कॉम्प्रेसर, मग ओव्हरड्राइव्ह अथवा डिस्टॉर्शन, त्यानंतर ध्वनिवर्धक व पेटी यांची नक्कल, नंतर कोरससारखे हेलकावे, मग प्रतिध्वनि आणि सर्वांच्या शेवटीं घुमारा. यामागें साधा तर्क आहे. मनुष्य आधीं ओरडतो आणि मग दरींतून प्रतिध्वनि येतो. प्रतिध्वनि आधीं आणि फाटणें नंतर ठेविलें, तर सारे प्रतिध्वनि एकमेकांत मिसळून फाटतात व चिखल होतो. प्रतिध्वनीचें अंतर गाण्याच्या लयीशीं जुळवावें. मिनिटाच्या ६०,००० सहस्रांश सेकंदांना मिनिटांतील मात्रांच्या संख्येनें भागावें. १२० मात्रांची लय असेल तर एका मात्रेला ५०० आणि पाऊण मात्रेला ३७५. खरखर दाबणारें ‘नॉइज गेट’ जरूरीपुरतेंच ठेवावें. तें अति झाल्यास तारेची आस मध्येंच तुटते.

चौथें काम पातळीचें. प्रत्येक प्रीसेटचा आवाज डोळ्यांनीं आंकडे पाहून नव्हे, तर कानांनीं ऐकून सारखा करावा. एकल वादनाचा प्रीसेट इतरांपेक्षां ३-४ डेसिबेल मोठा असावा. येथें घरचा स्वर व मंचावरचा स्वर यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. मंद आवाजांत मनुष्याच्या कानाला खर्जाचे स्वर कमी ऐकूं येतात, हें फ्लेचर व मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं दाखविलें. त्यामुळें घरीं हळू वाजवितांना वादक खालचे स्वर वाढवितो, वरचे वाढवितो आणि मधले कमी करतो. तोच प्रीसेट मंचावर मोठा केला म्हणजे खालची जागा बास गिटार व ड्रम व्यापून बसतात, वरची जागा झांजा व्यापतात, आणि गिटारला उरलेली मधली जागा तर वादकानें स्वतःच्याच हातानें रिकामी केलेली असते. स्नेहसंमेलनांत हरवलेल्या स्वराचें रहस्य तें हेंच. म्हणून कार्यक्रमाचे प्रीसेट एकदां तरी मोठ्या आवाजांत व साथीदारांबरोबर लावावेत, आणि मधले स्वर घरीं थोडे अधिक वाटले तरी राहूं द्यावेत.

असे प्रीसेट चारच पुरेत : एक स्वच्छ, एक किंचित् तापलेला, एक पुरा फाटलेला आणि एक एकल वादनाचा. ते पायाच्या क्रमानें मांडून त्यांची प्रत संगणकांत ठेवावी. हेडफोनवर वाजवितांना आवाजाला मर्यादा असावी. ८५ डेसिबेलच्या आवाजांत आठ तास ही कामगारांच्या कानांसाठीं मानलेली सीमा आहे, आणि त्यापुढें प्रत्येक ३ डेसिबेलला ती मुदत निम्मी होते. यंत्र नवें घेतां येतें, कान घेतां येत नाहींत.

आणखी एक धोका आहे, आणि तो यंत्राच्या माहितीपुस्तकांत लिहिलेला नसतो. शिकणाऱ्याच्या हातीं शंभर स्वर आले कीं संध्याकाळचा एक तास बटणें फिरविण्यांत जातो आणि सरगमेला दहा मिनिटेंहि उरत नाहींत. घुमारा व प्रतिध्वनि बोटांच्या चुका झांकतात, आणि झांकलेली चूक सुधारत नाहीं. यावर उपाय सोपा आहे. रोजच्या रियाजाचा पहिला अर्धा तास सर्व इफेक्ट बंद ठेवून कोरड्या स्वरांत वाजवावें; जें कोरडें गोड लागेल त्यावरच मग संस्कार चढवावेत. पायाखालचें यंत्र हातांनीं काढलेल्या स्वराला वस्त्रालंकार घालतें. तो स्वर मात्र बोटांनाच काढावा लागतो.