पेट्या ज्याच्या त्याच्या, माश्या सगळ्यांच्या

मधमाशीपालनाचं ट्रेनिंग घेणारी पोरं आता बरीच आहेत. दोन वर्षांनीही ज्यांच्या पेट्या भरलेल्या आहेत, अशी मात्र कमी. मधली दोन वर्षं निभावून न्यायला गावात एक क्लब लागतो. तो चालवायचा कसा?

ट्रेनिंग होतं. सर्टिफिकेट मिळतं. जाळीचा बुरखा घालून पेटीसोबत काढलेला फोटो इन्स्टावर पडतो, दीडशे लाइक येतात. दहा पेट्या घरामागच्या आंब्याखाली बसतात. मग पाऊस लागतो आणि दसऱ्याच्या सुमारास उघडून बघावं तर त्यातल्या सहा रिकाम्या. आत मेणकिड्याची जाळी, खाली भुसा. माश्या कुठं गेल्या, का गेल्या, कुणाला विचारायचं?

ट्रेनर फोन उचलत नाहीत असं नाही. पण ते लांब असतात आणि त्यांना तुमचा आंबा, तुमची ओल, तुमच्या शेजाऱ्याची फवारणी दिसत नसते. ते दिसतं फक्त आसपासच्या मधपाळांना. म्हणून क्लब.

आपल्याकडे हे काही परदेशी खूळ नाही. महाबळेश्वरच्या डोंगरात मधपाळांच्या पिढ्या झाल्यात, त्यांची सहकारी सोसायटी आहे. खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय तिथंच आहे. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. म्हणजे शिकवणारे आहेत, योजना आहेत. कमी पडतं ते महिन्यातून एकदा एकमेकांच्या पेटीत डोकावणं.

हॉल नको, पेटी हवी

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढायला दोन मिनिटं लागतात. तो ‘गुड मॉर्निंग’ने भरायला दोन दिवस. त्यामुळे ग्रुप फक्त निरोपापुरता ठेवा आणि भेटा पेटीजवळ. दर महिन्याला वेगळ्या मेंबरच्या घरी. याचा एक फायदा कुणी सांगत नाही. आपल्याकडे सगळे येणार म्हटल्यावर त्या मेंबरचा आठवडाभर आधी हात चालतो, गवत निघतं, पेटीच्या पायाखालच्या वाट्यांत मुंग्यांसाठी पाणी पडतं.

वेळ सकाळी नऊ-दहाची, ऊन असलेल्या दिवसाची. तेव्हा बऱ्याच कामकरी माश्या बाहेर असतात आणि पेटी शांत असते. ढगाळ, वाऱ्याच्या दिवशी उघडू नका, मग भले मीटिंग पुढे ढकलावी लागो. एका पेटीभोवती चार-पाच जण पुरे. वीस जण आले तर चार टोळ्या करा आणि चार पेट्या उघडा. पेटीच्या दारासमोर कुणी उभं राहायचं नाही, कारण तो माश्यांचा रस्ता आहे. दहा मिनिटांत झाकण बंद. फोटोसाठी फ्रेम उन्हात धरून ठेवणाऱ्याला चहा नाही, असा नियम केलात तरी चालेल. आतली पिल्लं उन्हानं मरतात.

परफ्यूम, सुगंधी तेल लावून येऊ नका. केळंही खाऊन येऊ नका! हसू नका, कारण आहे. माशी डंख मारते तेव्हा धोक्याचा जो वास सोडते, त्यातलं मुख्य रसायन पिकलेल्या केळ्यासारखं वास मारतं.

आणि डंखाचा विषय गमतीत घालवू नका. डंख बसला की काटा नखानं लगेच काढायचा, तो जितका वेळ राहील तितकं विष आत जातं. थोडी सूज, खाज चालते. पण अंगभर गांधी, ओठ-चेहरा सुजणं, धाप, उलटी, चक्कर यातलं काही दिसलं तर हळद-चुना करत बसायचं नाही, सरळ दवाखाना. अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन जवळपास कुठल्या दवाखान्यात मिळतं, हे पहिल्या मीटिंगच्या आधी जाऊन विचारून या. कुणाला आधी अ‍ॅलर्जी झालीय का, हे नाव नोंदवतानाच विचारा. क्लब चालवणाऱ्याची ही पहिली जबाबदारी.

यूट्यूब आणि काका

क्लबात दोन प्रकारची माणसं येतात. एक, यूट्यूब बघून आलेली. दुसरी, लहानपणापासून कपारीतलं मध काढणारी. दोघांचं पटत नाही, आणि गंमत म्हणजे दोघांनाही अर्धंच माहीत असतं.

‘काका, व्हरोआ किडीसाठी औषधाच्या पट्ट्या टाकल्या का?’

‘कसल्या पट्ट्या रे बाबा? आमच्या सातेरीला कधी लागल्या नाहीत.’

इथं काकांचं बरोबर. पोरगा बघतोय ते व्हिडिओ अमेरिकेतल्या मेलिफेरा माशीचे. आपली सातेरी ही व्हरोआची मूळ यजमान. ती एकमेकींच्या अंगावरून किडी काढून टाकते, तिला त्या किडीचा तितका जाच नाही. तिला छळतो तो मेणकिडा, मुंगळे, गांधीलमाशी आणि थाई सॅकब्रूड नावाचा विषाणू. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला या रोगानं दक्षिण भारतात सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर साफ केल्या.

पण काका पोळं पिळून मध काढतात तेव्हा पोराचं बरोबर. पिळलं की पोळं गेलं, त्यातली पिल्लंही गेली. यंत्रात फ्रेम फिरवली तर मध बाहेर येतं आणि पोळं शाबूत परत पेटीत जातं. माश्यांना मेण नव्यानं बनवावं लागत नाही. हे काकांना भाषण देऊन पटत नाही. एका वर्षी दोन्ही तऱ्हेनं काढा आणि पुढच्या काढणीला कुणाचं किती भरलं ते वजन करून बघा.

यंत्रावरून आठवलं. प्रत्येकानं ते विकत घेणं म्हणजे वर्षातले चार दिवस वापरायच्या वस्तूत पैसे अडकवणं. क्लबचं एक असावं, मधातली ओल मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर एक असावा. त्याआधी सगळ्यांच्या पेट्या एका मापाच्या हव्यात. सातेरीची पेटी लहान, मेलिफेराची मोठी, आणि गावच्या सुताराची तिसऱ्याच मापाची! मग कुणाची फ्रेम कुणाला लागत नाही. अडचणीत आलेल्या पेटीला शेजाऱ्याच्या पेटीतली अंड्यांची एक फ्रेम देता आली, तर राणी मेलेली वसाहत वाचू शकते. तीन दिवसांच्या आतल्या अळ्या मिळाल्या तर कामकरी माश्या त्यातून नवी राणी तयार करतात. हा खरा उसना व्यवहार, आणि तो मापावर अडतो.

पावसाळ्यात सुट्टी? अजिबात नाही

बहुतेक क्लब इथंच बसतात. मार्च ते मे जांभूळ, हिरडा फुललेला, मध निघतंय, मीटिंगला पन्नास माणसं. जून लागला की ‘आता काय बघायचं, सप्टेंबरात भेटू.’ आणि पेट्या मरतात त्या याच चार महिन्यांत.

पाऊस धो धो, फूल नाही, असलं तरी माशी बाहेर पडू शकत नाही. उन्हाळ्यात सगळं मध काढून घेतलं असेल तर आत खायला काही उरत नाही. माश्या कमी झाल्या की मोकळी पडलेली पोळी राखायला कुणी नसतं, मेणकिडा तिथं शिरतो. सातेरीचा स्वभाव असा की जागा नकोशी झाली की ती सगळी वसाहत घेऊन निघून जाते. तुम्हाला वाटतं माश्या दगा देऊन पळाल्या. त्या उपाशी असतात.

म्हणून पावसाळ्यातली भेट अर्ध्या तासाची, पण चुकवायची नाही. मोकळी पोळी काढून घ्या, तळफळी झाडा, पेटीचं ओझं हातानं उचलून बघा. हलकी लागली तर साखर-पाणी समप्रमाणात, संध्याकाळी आणि पेटीच्या आत ठेवा. बाहेर सांडलं की दुसऱ्या पेट्यांच्या माश्या लुटायला येतात. आणि प्रत्येक पेटीची नोंद वहीत: तारीख, राणी दिसली का, अंडी आहेत का, किती फ्रेम भरल्या, खाणं दिलं का. ही वही क्लबची, घरची नव्हे.

त्या वहीचा दुसरा उपयोग मध विकताना. साखर-पाणी कधी बंद केलं, हे लिहिलेलं हवं. फुलोऱ्यात साखर दिली आणि ती मधाच्या कोठीत गेली, तर ते मध नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं बाजारातल्या मधात साखरेच्या पाकाची भेसळ असल्याचा अहवाल दिला, तेव्हा गिऱ्हाईक गावच्या मधाकडे वळलं. क्लबच्या एकाच लेबलखाली विकायचं तर एका मेंबरची लबाडी सगळ्यांना बुडवते. पाण्यात थेंब टाकून किंवा कागदावर ठेवून शुद्धता कळते, यावर विसंबू नका. वही आणि लॅब, दोन्ही लागतं.

शेजारचा दादा

सातेरी साधारण एक-दीड किलोमीटर फिरते. एक किलोमीटर जरी धरला तरी ते वर्तुळ ३१४ हेक्टरचं, म्हणजे जवळपास पावणेआठशे एकर होतं. तुमची जमीन दोन एकर. बाकीच्या सगळ्यांच्या शेतावर तुमची माशी जेवते, आणि त्यातल्या कुणी सकाळी फुलावर कीटकनाशक मारलं तर दुपारी दारात मेलेल्या माश्यांचा खच.

‘दादा, उद्याची फवारणी संध्याकाळी घेता का?’

‘तुझ्या माश्यांसाठी मी मजूर बसवून ठेवू होय?’

दादांचंही चूक नाही. एकट्या पोरानं बांधावर जाऊन विनवणी केली तर हेच उत्तर येणार. क्लब गेला तर बोलणं वेगळं होतं. क्लब म्हणू शकतो: तुमच्या डाळिंबात, कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटमध्ये फुलोऱ्याला चार पेट्या ठेवतो, तुमची फळधारणा सुधारेल, बी भरेल. तुम्ही फक्त फुलोऱ्यात मारू नका, मारायचंच असेल तर माश्या परतल्यावर, आणि आदल्या दिवशी एक मेसेज. कांदा बियाण्यासाठी शेतकरी भाडं देऊन पेट्या नेतात, त्यामुळे हे बोलणं भीक मागितल्यासारखं वाटायचं कारण नाही. मेसेज आला की पेट्या रात्रीतून हलवता येतात. त्यासाठीही चार हात लागतातच.

क्लबचा नंबर गावात माहीत झाला की ‘पोळं काढायला या’ असे फोन सुरू होतात. आधी फोटो मागवा. उंच फांदीवर किंवा इमारतीच्या छज्जाखाली एकच मोठं उघडं पोळं म्हणजे आग्या. ती पेटीत राहत नाही, तिथं हिरोगिरी नको. ती हंगामानुसार जागा बदलते, त्रास नसेल तर थांबा म्हणावं. झुडपात हाताएवढं पोळं म्हणजे फुलोरी, तिला राहू द्या. भिंतीच्या पोकळीत, झाडाच्या ढोलीत एकाशेजारी एक पोळी असतील तर ती सातेरी. ती पेटीत आणता येते, आणि नव्या मेंबरची पहिली वसाहत बहुधा अशीच येते. कुणाला द्यायची यावरून भांडणं होतात, म्हणून नावांची यादी आधीच लावून ठेवा.

सुरुवात करायची तर पाऊस उघडल्यावर करा. पहिल्या भेटीला पाच जण, एक बुरखा, एक धूर द्यायचं भांडं, एक वही. यंत्रासाठी वर्गणी दुसऱ्या वर्षी काढली तरी चालेल. वही कुणाकडे राहणार, ते मात्र पहिल्याच दिवशी ठरवा आणि दरवर्षी ती दुसऱ्याच्या हातात द्या.