मोटार बसवलेल्या सायकलचा पुढचा चिमटा बदलताना

आपल्या प्रभागात आता दुधाच्या कॅनला, भाजीच्या पाटीला, अंगणवाडीच्या फेरीला साध्या सायकलवर बॅटरीचं किट बसवून घेणाऱ्या बऱ्याच जणी झाल्यात. बहुतेकींची मोटार पुढच्या चाकाच्या मधोमध, म्हणजे हबमध्येच असते. गटाच्या बैठकीत चर्चा होते ती बॅटरीची आणि चार्जरची. ज्यावर हे सगळं उभं असतं त्या पुढच्या चिमट्याचं नाव कोणी काढत नाही. म्हणून हा लेख.

साध्या सायकलचं पुढचं चाक नुसतं गरगर फिरतं, चिमट्याला फक्त वजन पेलायचं असतं. मोटार चाकातच असली की गोष्ट वेगळी. मोटार चाकाला पुढे ढकलते, तेव्हा तिचा आस तितक्याच जोराने उलटा फिरायला बघतो. त्याला धरून ठेवतात चिमट्याच्या टोकाच्या दोन खाचा. खाच रुंदावली की आस आतल्या आत फिरतो, वायर पिळून तुटते, आणि चालत्या सायकलचं चाकही निसटू शकतं. तुमच्यापुढे हँडलला वीस लिटरचा कॅन लटकलेला असताना हे झालं तर काय होईल, ते सांगायला नको.

मग बदलायचा कधी? चिमट्याचे दोन पाय वर जिथे जुळतात तिथे रंगाला बारीक चीर किंवा गंजाची रेघ दिसली, खाचेचं तोंड फाकलं, खड्ड्यात आपटून पाय मागे वाकले, तर बदलाच. गावातले कारागीर म्हणतात, “वेल्डिंग मारून देतो, चालंल.” चुलीच्या स्टँडला चालतं ते इथे चालत नाही. वेल्डिंगच्या बाजूचा पत्रा तापून कमजोर होतो आणि पुढची चीर तिथूनच जाते. शिवाय ती रंगाखाली झाकलेली राहते.

नवा चिमटा आणायला जाताना जुना पिशवीत घालून न्या. दुकानात अंदाजाने सांगू नका. वरचा आटेवाला दांडा तेवढाच जाड हवा. लांबी थोडी जास्त असली तर कापता येते, पण खाली पुरेसे आटे उरतात का ते आधी बघायचं. आखूड असेल तर घेऊच नका. चाकाचा साइज आणि ब्रेक बसायची जागा जुळवा. दांडीचा ब्रेक असेल तर त्याची पकड नव्या चिमट्यावर आहे का बघा, नाहीतर पुढचा ब्रेकच राहणार नाही. पुढच्या हब मोटारीला दोन पायांमध्ये साधारण १०० मिलिमीटर जागा लागते. कमी पडली म्हणून पाय ताणून बसवू देऊ नका.

खाचेचं जरा सविस्तर सांगते. साध्या सायकलचा आस ८ मिलिमीटरच्या आसपास असतो. मोटारीचा आस १२ चा, दोन्ही बाजूंनी सपाट घासून १० चा केलेला. त्यामुळे खाच कानशीने मोठी करावी लागते. जाड लोखंडी चिमट्यात हे चालतं, पण दोन्ही बाजूंनी सारखं घासायचं, नाहीतर चाक तिरकं बसतं. पातळ पत्र्याच्या चिमट्यात धातूच उरत नाही. शॉकअपवाला चिमटा दिसायला छान, पण अॅल्युमिनियमचं टोक मोटारीच्या जोराने चटकन तुटतं. मी तरी जाड लोखंडीच घ्या म्हणेन. त्यासोबत टॉर्क आर्म मागा. ही एक लोखंडी पट्टी असते, आसाला धरून चिमट्याच्या पायाला बांधलेली. या खर्चात काटकसर नको.

काम सुरू करण्याआधी बॅटरी काढून बाजूला ठेवा आणि वायर कोणत्या बाजूने जाते त्याचा मोबाइलवर फोटो काढा. चाक उलटं बसलं तर मोटार उलटी फिरते. मग चाक, ब्रेक, हँडल, वरचा नट असं काढत गेलं की चिमटा खाली येतो आणि छर्रे घरंगळतात, म्हणून खाली फडकं अंथरा. कपला खळगे पडले असतील तर कप आणि छर्रे दोन्ही नवे टाका. ग्रीस भरा. दांड्याच्या तळाशी बसणारा कोन जुन्यावरून काढून नव्यावर बसवायला कारागीर विसरतात, ते आठवण करून द्या. (अनेक कारागीर बाईने प्रश्न विचारला की घरच्या पुरुषाकडे बघतात. बघू देत, तुम्ही विचाराच.)

जोडून झाल्यावर पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलखाली टक टक आलं तर नट सैल आहे. हँडल अडखळलं तर जास्त आवळला. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून वायर ताणत नाही ना बघा, आणि वायर आसापाशी थोडी खाली लोंबती ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी मोटारीत जात नाही.

चिमटा बदलतोच आहोत तर जास्त ताकदीची मोटार टाकू, असं कोणी सुचवेल. केंद्रीय नियमांप्रमाणे २५० वॅटपेक्षा कमी आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची सायकल ठरावीक अटींत मोटार वाहन धरत नाहीत. त्यापुढे गेलात तर नोंदणी, लायसन, विमा सगळं मागे लागतं.

पहिल्या दिवशी रिकामी सायकल चालवा. आठवड्याने आसाचे दोन्ही नट पुन्हा आवळून घ्या, नवीन रंगावर ते बसतात आणि सैल होतात.