ब्राउझरमधील धोक्याचे इशारे: खरा कोणता, खोटा कोणता?

तुम्ही इंटरनेटवर एखादी माहिती शोधत आहात. अचानक पूर्ण स्क्रीन लाल होते, सायरन वाजू लागतो आणि मजकूर दिसतो: ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले आहेत. संगणक बंद करू नका. ताबडतोब या क्रमांकावर फोन करा.’ अशा वेळी घाबरून केलेल्या पहिल्या कृतीमुळेच बहुधा नुकसान होते, आणि ते संगणकाचे कमी व बँक खात्याचे जास्त असते. म्हणून इशारा दिसताच आधी एकच प्रश्न विचारा: हा इशारा कोण देत आहे? ब्राउझर, की उघडलेले वेबपान?

१. ब्राउझरने दिलेला इशारा

फसव्या आणि मालवेअर पसरवणाऱ्या संकेतस्थळांची यादी सतत अद्ययावत केली जाते. क्रोम आणि फायरफॉक्स यासाठी गुगलची ‘सेफ ब्राउझिंग’ सेवा वापरतात, तर एज मायक्रोसॉफ्टची ‘स्मार्टस्क्रीन’. तुम्ही उघडत असलेला पत्ता या यादीशी जुळला, तर ब्राउझर ते पान न उघडता त्याच्या जागी इशारा दाखवतो.

या इशाऱ्याची ओळख सोपी आहे. त्यातील मुख्य बटण तुम्हाला मागे फिरायला सांगते. त्यात फोन क्रमांक नसतो, पैशांची मागणी नसते आणि काही डाउनलोड करण्याचा आग्रहही नसतो.

असा इशारा आल्यास मागे फिरा. संकेतस्थळ ओळखीचे असले तरी ‘तपशील’मध्ये जाऊन पुढे जाण्याचा मार्ग शोधू नका. चांगल्या संस्थेच्या संकेतस्थळातही कोणी शिरकाव केलेला असू शकतो.

‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ हा इशारा वेगळा आहे. तो मालवेअरबद्दल नसून संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राबद्दल असतो. अनेकदा संगणकाची तारीख किंवा वेळ चुकल्यामुळेही तो दिसतो, म्हणून आधी ती तपासा. तरीही इशारा कायम राहिला, तर तेथे पासवर्ड किंवा कार्डाची माहिती भरू नका.

२. वेबपानाने दाखवलेला खोटा इशारा

येथे एक मूलभूत गोष्ट लक्षात ठेवा. ब्राउझर प्रत्येक वेबपानाला बंदिस्त चौकटीत चालवतो. तुम्ही स्वतः फाइल निवडून दिल्याशिवाय साधे वेबपान तुमच्या फाइली वाचू शकत नाही. त्यामुळे ते तुमचा संगणक तपासून व्हायरस शोधूच शकत नाही. तीन सेकंदांत पूर्ण होणारी ‘तपासणी’ म्हणजे फक्त हलते चित्र असते.

‘पण त्यात माझ्या शहराचे नाव आणि विंडोजची आवृत्ती बरोबर होती!’ असे अनेक जण म्हणतात. तुम्ही उघडलेल्या प्रत्येक संकेतस्थळाला तुमचा आयपी पत्ता आणि ब्राउझरचा प्रकार कळतोच. त्यावरून शहराचा अंदाज बांधता येतो. तो संगणकात शिरल्याचा पुरावा नाही.

खोट्या इशाऱ्याच्या खुणा:
• फोन क्रमांक दिलेला असतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीच नसतो.
• उलटी मोजणी, सायरन किंवा ‘संगणक बंद करू नका’ अशी तंबी असते.
• पोलीस किंवा मंत्रालयाचे बोधचिन्ह लावून कार्डाने ‘दंड’ भरायला सांगितले जाते.
• एखादे ‘क्लीनर’ किंवा दूरनियंत्रणाचे अ‍ॅप डाउनलोड करायला सांगितले जाते.

३. पानातून बाहेर कसे पडावे?

पानावरील कोणतेही बटण दाबू नका. ‘रद्द करा’ किंवा फुलीचे चिन्हसुद्धा त्या पानाचाच भाग असू शकते.

(अ) पान पूर्ण स्क्रीनभर पसरले असल्यास एस्केप कळ काही सेकंद दाबून धरा.
(आ) कंट्रोल आणि डब्ल्यू या कळा एकत्र दाबून टॅब बंद करा.
(इ) तरीही बंद न झाल्यास विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा.
(ई) ब्राउझर पुन्हा उघडल्यावर ‘आधीची पाने परत आणू का?’ असे विचारल्यास नकार द्या.
(उ) मोबाइलवर अलीकडील अ‍ॅपच्या यादीतून ब्राउझर सरकवून बंद करा.

ब्राउझर बंद असताना किंवा दुसरे काम करतानाही कोपऱ्यात व्हायरसच्या सूचना येत असतील, तर पूर्वी कधीतरी एखाद्या संकेतस्थळाला ‘अलाऊ’ म्हटले गेले असण्याची शक्यता आहे. क्रोममध्ये ‘सेटिंग्ज’, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’ या क्रमाने जा आणि अनोळखी संकेतस्थळांची परवानगी काढा.

शेवटी खात्रीसाठी विंडोज सिक्युरिटीमधून पूर्ण तपासणी करा. खरी तपासणी तुम्ही स्वतः उघडलेल्या प्रोग्राममधून होते.

४. फोन केला किंवा पैसे दिले असल्यास

• दूरनियंत्रणाचा ताबा दिला असल्यास प्रथम इंटरनेट तोडा, मग ते अ‍ॅप काढून टाका.
• कार्डामागील क्रमांकावर बँकेला लगेच कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः गोपनीय माहिती दिल्यामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत त्याचेच असते. कळवल्यानंतरचे नुकसान बँकेचे. त्यामुळे संकोचात घालवलेला प्रत्येक तास महाग पडतो.
• १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा.
• दुसऱ्या, सुरक्षित उपकरणावरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला.

स्वतःला तपासा

१. इशाऱ्यात तुमच्या शहराचे नाव बरोबर आहे. यावरून संगणकात मालवेअर आहे हे सिद्ध होते का? का?
२. घरातील ज्येष्ठ व्यक्तीला असा इशारा दिसला, तर तिने पहिली कृती कोणती करावी? ती एका वाक्यात लिहा आणि आजच तिला करून दाखवा.