‘बॅड ब्रेन्स’ची पहिली कॅसेट

वाद्यवृंद : आरंभी जॅझकडे ओढा असलेल्या वॉशिंग्टनच्या ज्या चौघा कृष्णवर्णीय तरुणांनी पुढे पंक संगीताचा अंगीकार केला आणि त्याची लय कमालीची द्रुत करून ‘हार्डकोर’ या शैलीच्या पायाभरणीत मोलाचा वाटा उचलला, त्यांचा हा संच.

मुद्रण व प्रकाशन : न्यूयॉर्कच्या ‘१७१-ए’ स्टुडिओत १९८१ साली मुद्रित झालेली ही कृती ‘रोअर’ कंपनीने फेब्रुवारी १९८२ मध्ये, तबकडीचा शिरस्ता बाजूस सारून, केवळ कॅसेटच्या रूपाने प्रसिद्ध केली.

अंतरंग : पंधरा रचना, श्वास घेण्यास उसंत न देणाऱ्या द्रुत गीतांमध्ये संथ रेगेची विश्रांतिस्थळे.

वेष्टन : पिवळ्या पार्श्वभूमीवर अमेरिकी संसदेच्या घुमटावर कोसळणारी वीज.

साधनाचे माहात्म्य : १९६३ साली फिलिप्सने जगापुढे आणलेली कॅसेट अल्प खर्चात निघे व घरच्या घरी तिची नक्कलही करता येई, म्हणूनच, यवतमाळ-पुसदकडच्या ज्या वाचकांनी भीमगीते आणि भजने कॅसेटवरच ऐकली, त्यांना प्रस्थापित कंपन्यांच्या मेहेरबानीवाचून श्रोत्यांपर्यंत पोहोचण्याची ही वाट अपरिचित वाटू नये. कालांतराने ही कृती सीडीवरही निघाली.