वाम आणि अहीर

वडीगोद्रीहून बीडकडे जाताना शहागडला गोदावरी नदी लागते. या नदीत कोळ्यांच्या जाळ्यात कधी कधी सापासारखा लांब मासा येतो. त्याला वाम म्हणतात. तुमच्या घरी कदाचित बाम म्हणत असतील. फारसीतून आलेला ‘मारमाही’ हा शब्दही तुम्ही ऐकला असेल. मार म्हणजे साप आणि माही म्हणजे मासा. नाव अगदी शोभणारे आहे. पण वाम साप नाही. तिला कल्ले आणि पर असतात. सापाला ते नसतात.

वाम ओळखावी कशी? तिचे तोंड निमुळते असून पुढे लहानशी मांसल सोंड असते. पाठीवर बारीक काट्यांची रांग असते. शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला तर ते बोचतात, म्हणून कोळी तिला जपून धरतात. दिवसा ती दगडांच्या फटीत किंवा वाळूत लपते आणि रात्री किडे, अळ्या व लहान मासे खाते. वाम चवदार असते, त्यामुळे बाजारात तिला चांगली मागणी असते.

वामेसारखाच दिसणारा आणखी एक मासा आहे, अहीर. याच्या पाठीवर काटे नसतात. पाठीवरचा पर शेपटीला वळसा घालून पोटाखालच्या पराला मिळतो. अंग फार बुळबुळीत असते. याच्या कच्च्या रक्तात विष असते, पण मासा नीट शिजवला की ते नाहीसे होते.

वाम गोड्या पाण्यातच अंडी घालते. अहिराचे तसे नाही. तो अनेक वर्षे नदीत राहतो आणि अंडी घालायला खोल समुद्रात जातो. पिल्ले आधी पानासारखी चपटी व पारदर्शक असतात. पुढे ती बारीक दोऱ्यासारखी होतात आणि प्रवाहाच्या उलट पोहत नदीत शिरतात. अहिरासारखे मासे चिखलातून जन्मतात, असे ग्रीक विद्वान ॲरिस्टॉटल मानत असे. अंडी घालताना त्यांना कोणी पाहिलेच नव्हते, मग त्याने दुसरे काय म्हणावे!

आता नकाशा उघडा. शहागडपासून बंगालच्या उपसागरापर्यंत गोदावरीवर बोट फिरवा. वाटेत नांदेडचे विष्णुपुरी, धर्माबादजवळचे बाभळी, तेलंगणातील श्रीरामसागर आणि आंध्रातील धवलेश्वरम असे बांध लागतात. वामेला त्यांची फारशी अडचण होत नाही. अहिराच्या पिल्लाला मात्र समुद्रातून इथवर यायचे तर हे सगळे ओलांडावे लागतील.