सान्निध्याचे मोल : दिल्लीतील पुनर्वसन आणि दोन कादंबऱ्या

नगरजीवनावरील साहित्याची चर्चा करताना आपण गर्दी, एकाकीपणा, मूल्यांची पडझड यांविषयी पुष्कळ बोलतो. ज्या भूमीवर हे सारे घडते तिच्या किमतीविषयी मात्र क्वचितच. झोपडवस्तीवरील कादंबऱ्यांच्या संदर्भात ही उपेक्षा विशेष जाणवते.

विल्यम अलोन्सो यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार शहरातील जमिनीचे मोल केंद्रापासून दूर जावे तसे उतरत जाते. केंद्राजवळ राहणारा जागेसाठी अधिक खर्च करतो व प्रवासासाठी कमी. दूर राहणाऱ्याचे गणित याच्या उलट असते. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबापाशी प्रवासासाठी ना पैसा असतो, ना वेळ. म्हणून ते जागेची अडचण सोसते, पण कामाचे सान्निध्य सोडत नाही. झोपडीकडे केवळ स्वस्त घर म्हणून पाहणे अपुरे आहे. ते प्रथमतः कामाजवळचे घर होय.

दिल्लीत या गणिताला शासनाच्या भूस्वामित्वाची जोड मिळाली. १९५७ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरण स्थापन झाले, १९६१ मध्ये विस्तृत भूसंपादनाचे धोरण आले आणि १९६२ मध्ये पहिला महायोजना-आराखडा अमलात आला. तथापि शहर बांधणाऱ्या मजुरांना परवडतील अशी घरे पुरेशी उभी राहिली नाहीत. आणीबाणीच्या काळात (१९७५–७७) वस्त्या पाडून असंख्य कुटुंबांना त्रिलोकपुरी, मंगोलपुरी अशा वसाहतींत प्रत्येकी २५ चौरस यार्डांचे भूखंड देण्यात आले. २००४ मध्ये यमुना पुश्त्यावरील वस्त्या हटल्या, तेव्हा पात्र ठरलेल्यांना दूरच्या बवाना येथे १८ किंवा १२.५ चौरस मीटर जागा मिळाली. शासनाने जागा दिली आणि सान्निध्य काढून घेतले. याची झळ घरकाम करणाऱ्या स्त्रियांना अधिक बसली; कारण दोन-तीन घरांतील थोड्या तासांच्या कामाची मिळकत लांबच्या बसप्रवासातच संपते. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात अंतर्भूत आहे, हे मुंबईच्या पदपथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच मान्य केले होते. मात्र रीतसर पूर्वसूचना देऊन वस्ती हटविण्यास त्या निर्णयाने प्रतिबंध केला नाही.

या पार्श्वभूमीवर भीष्म साहनी यांची दिल्लीतील ‘बसंती’ (१९८०) आणि जयवंत दळवी यांची मुंबईतील ‘चक्र’ (१९६३) पुन्हा वाचाव्यात. बसंती घरकाम करणारी मुलगी आहे आणि तिची वस्ती पाडली जाते, ही बाब कथानकाची केवळ पार्श्वभूमी राहत नाही. अर्थशास्त्र सान्निध्य मोजते ते घर आणि काम यांमधील अंतराने. उधार देणारा दुकानदार, तान्ह्या मुलाकडे लक्ष देणारी शेजारीण, कामाची खबर आणणारा गाववाला हेही त्याच सान्निध्याचे घटक आहेत. परंतु भूखंडाच्या मोजमापात ते येत नाहीत. त्यांची नोंद ठेवण्याचे कार्य कादंबरी करते. म्हणून अशा कृतींचे मूल्यमापन करताना दारिद्र्याचे चित्रण किती दाहक आहे एवढेच न विचारता, पात्रे कोणापासून किती अंतरावर राहतात हेही समीक्षकाने विचारणे अगत्याचे आहे.