दोन्ही दुर्बिणी नॉर्मल, मग रक्त जातंय कुठे?

सत्तरीतल्या माणसाचं हिमोग्लोबिन सहावर येतं, रक्त चढवावं लागतं आणि दोन महिन्यांत पुन्हा तीच गत. एंडोस्कोपी, कोलोनोस्कोपी दोन्ही नॉर्मल. घरचे म्हणतात, "पोटात काही नाही, वयामुळे असेल." या समजुतीत फार वेळ वाया जातो. वरून घातलेली दुर्बीण लहान आतड्याच्या जेमतेम सुरुवातीपर्यंत पोचते, खालून घातलेली मोठं आतडं पाहते. मधलं पाच-सहा मीटरचं वेटोळं दोघींनाही दिसत नाही.

"रक्त गेलं तर दिसेलच की!" थेंबथेंब गेलेलं दिसत नाही. डांबरासारखी काळी, चिकट शी ही रक्ताची खूण. पण लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, म्हणून नुसत्या रंगावर निदान करू नये. आणि लाल दिसलं की मूळव्याधच, असंही नाही. लहान मुलाला न दुखता भरपूर रक्त गेलं, तर डॉक्टर 'मेकेल्स डायव्हर्टिक्युलम' या आतड्याच्या जन्मजात पिशवीचा विचार करतात. तिच्यात कधी जठराचं अस्तर असतं. त्याच्या आम्लाने शेजारी व्रण पडतो.

मधलं आतडं पाहायला कॅमेऱ्याची कॅप्सूल असते, सुमारे २६ मिलिमीटर लांबीची. ती गिळायची, कमरेला रेकॉर्डर बांधायचा. आठेक तासांत पन्नास हजारांवर फोटो निघतात. त्यातल्या दोन-चार फोटोंतच एखादा लालभडक, कोळ्याच्या पायांसारखा फाकलेला ठिपका दिसतो: कमकुवत रक्तवाहिन्यांचा झुबका. रक्तस्रावानंतर ही तपासणी जितकी लवकर, तितकं काही सापडण्याची शक्यता जास्त. "कॅप्सूलच तर गिळायची, त्यात कसला धोका?" हेही खरं नाही. क्षयाने किंवा वेदनाशामक गोळ्यांनी आतडं अरुंद झालं असेल, तर ती अडकते. पोटात मुरडा येऊन फुगत असेल, तर आधी सांगा. डॉक्टर बहुधा आधी सीटी स्कॅन करतील. कॅप्सूल फक्त दाखवते. तो ठिपका जाळायला बलूनची लांब दुर्बीण लागते.

कधीकधी मूळ कारण पोटात नसतंच. हृदयाची महाधमनीची झडप अरुंद झालेल्या रुग्णांत असा रक्तस्राव एडवर्ड हाइड यांनी १९५८ साली नोंदवला. अरुंद झडपेतून रक्त जोरात घुसतं, तेव्हा रक्त गोठायला मदत करणारं एक मोठं प्रथिन तुटतं आणि आतड्यातले ते ठिपके वाहत राहतात. झडप बदलल्यावर अनेकांचा रक्तस्राव थांबतो. म्हणून पोटाच्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, तर नवल वाटू देऊ नका. आणि जाताना गुडघ्यांसाठी घेत असलेल्या गोळ्यांची पट्टीही सोबत न्या.